अर्धे छापणे, अर्धे धुणे

जून महिना उजाडला की पुण्यातल्या पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकू येते. एप्रिल-मे दोन महिने मुले आजोळी, मोठी माणसे लग्नकार्यांत, आणि घरातला रंगीत प्रिंटर धूळ बसू नये म्हणून अंगावर जुना अभ्रा पांघरून कोपऱ्यात गाढ झोपलेला. मग शाळा उघडते. कोणाला प्रवेशाचा अर्ज हवा असतो, कोणाला प्रकल्पासाठी फुलपाखराचे चित्र. रात्री साडेनऊ वाजता अभ्रा निघतो, बटण दाबले जाते, यंत्र दोन मिनिटे कुरकुरते आणि जे पान बाहेर येते त्यावर आडव्या पांढऱ्या रेघा असतात. लाल फुलपाखरू पिवळे निघते. काळी अक्षरे तर बेपत्ताच. शाईची टाकी पाहावी तर अर्ध्याहून अधिक भरलेली! घरात लगेच निकाल लागतो, 'प्रिंटर गेला.'

'गेला' हा शब्द आपण फार लवकर वापरतो. शेजारीपाजारी आणि नात्यागोत्यात असे 'गेलेले' प्रिंटर पाहण्याचा मला गेली काही वर्षे छंदच जडला आहे. मी काही इंजिनिअर नव्हे. वडील छापखान्यात कामाला होते, त्यामुळे शाईचा वास आणि शाईचे डाग यांची लहानपणापासून सवय, एवढेच माझे भांडवल. पण अनुभवावरून एक गोष्ट सांगू शकतो. घरगुती इंकजेट प्रिंटर बंद पडतो तेव्हा तो मोडलेला असण्यापेक्षा वाळलेला असण्याचीच शक्यता अधिक. आणि वाळलेली वस्तू बऱ्याचदा भिजवता येते.

शाईकडून दोन उलट्या मागण्या

शाईकडून माणसाने नेहमी दोन उलट्या गोष्टी मागितल्या आहेत. कागदावर पडताच ती वाळली पाहिजे आणि लेखणीत असेपर्यंत मुळीच वाळता कामा नये. हे भांडण आजचे नाही. दिव्याचे काजळ, डिंक आणि पाणी हा आपल्याकडच्या जुन्या शाईचा पाया. काजळ डिंकाच्या पाण्यात जितके खलावे तितकी शाई सरस. आळस केला की गाठी राहतात आणि बोरूच्या चिरेत अडकतात. हिरडा आणि हिराकस यांच्यापासूनही काळी शाई होत असे. पुण्यात १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत सुमारे २८ हजार हस्तलिखिते आहेत. पेशवे दप्तरात तर मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांतले काजळ शेकडो वर्षांनंतरही काळेभोर दिसते, कारण काजळ म्हणजे कार्बन आणि तो उजेडाने विटत नाही. पण ती टिकाऊ अक्षरे लिहिणाऱ्या कारकुनाला आपला बोरू वेळोवेळी धुवावा लागे, तासावा लागे आणि दौतीत पाणी घालावे लागे. लिहिण्याच्या कामात लेखणीची निगा धरलेलीच होती.

पुढे फाउंटन पेन आले. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुडीपासून आणि गोळ्यांपासून धंदा सुरू केला आणि 'कॅमल'ची दौत मराठी घराघरांत पोहोचली. ज्यांचे शिक्षण फाउंटन पेनावर झाले त्यांना रविवारची सकाळ आठवत असेल. वाटीत कोमट पाणी, त्यात निब आणि जीभ सुटी करून टाकलेली, पाण्यात उतरणारे निळे ढग आणि शेवटी धोतराच्या फडक्याने पुसणे. शाळेतून कोणी तसे शिकवले नव्हते. मोठी भावंडे करीत, म्हणून धाकटी करीत. पेन उठेनासे झाले की ते फेकून द्यावे असे कोणाच्या मनातही येत नसे.

छापखान्यात हाच नियम मोठ्या प्रमाणावर होता. तिथली शाई तेलाची, चिकट. संध्याकाळी यंत्र थांबले की रॉकेलच्या बोळ्याने रूळ पुसायचे, खिळे धुवायचे आणि मगच हात धुऊन घरी जायचे. रूळावर शाई रात्रभर राहिली तर दुसरा दिवस ती खरवडण्यात जाई. वडील म्हणत, आमचा धंदा म्हणजे अर्धे छापणे आणि अर्धे धुणे. गिऱ्हाईक पैसे देते ते पहिल्या अर्ध्याचे, पण दुसरे अर्धे केले नाही तर पहिलेही होत नाही.

आता गंमत पाहा. घरातल्या प्रिंटरलाही हाच नियम लागू आहे. फरक इतकाच की धुण्याचे अर्धे काम यंत्राने स्वतःकडे घेतले आणि ते प्लॅस्टिकच्या बंद डब्यात लपवून टाकले. आपल्याला दिसते ते फक्त छापणे. धुणे कसे चालते आणि धुवून निघालेली शाई कुठे जाते, हे कोणी सांगितले नाही, आपणही विचारले नाही. माझ्या मते आपल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे आहे.

केसाहून बारीक

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला तो १८७८ साली. शिळाछापावरची त्याची देवादिकांची रंगीत चित्रे भिंतीभिंतीवर लागली. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि प्रत्येक दगडाची वेगळी स्वच्छता, असे ते कष्टाचे काम. योगायोग असा की त्याच सुमारास इंग्लंडात लॉर्ड रॅले पाण्याची धार तुटून तिचे थेंब कसे होतात याचे गणित मांडत होते. दगडावाचून, खिळ्यावाचून, कागदाला स्पर्शही न करता नुसत्या थेंबांनी छापण्याच्या तंत्राला पुढे हेच गणित उपयोगी पडले.

घरगुती यंत्राला मात्र आणखी शंभर वर्षे लागली. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्नचा चुकून स्पर्श झाला आणि टोकातून शाई उडाली. इचिरो एंडो या संशोधकाने त्यातले मर्म ओळखले. त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डमध्येही स्वतंत्रपणे तोच विचार चालू होता. त्यांचा 'थिंकजेट' १९८४ मध्ये आणि 'डेस्कजेट' १९८८ मध्ये बाजारात आला. डेस्कजेटची किंमत होती सुमारे हजार डॉलर! भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम करणारी सी-डॅक ही संस्था पुण्यात स्थापन झाली तीही १९८८ मध्येच. मराठी अक्षर खिळ्यांतून सुटले आणि छापखाना घरातल्या टेबलावर यायला मोकळा झाला.

हे यंत्र चालते कसे? शाई फेकणाऱ्या भागाला 'हेड' म्हणतात. त्यावर शेकडो छिद्रे असतात आणि एकेक छिद्र आपल्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही लहान असते. काही यंत्रांत छिद्रामागे अतिसूक्ष्म शेगडी असते. ती क्षणाच्या लाखाव्या हिश्शात ३०० अंशांच्या वर तापते, शाईत वाफेचा बुडबुडा उठतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. दुसऱ्या प्रकारात शेगडीऐवजी विशिष्ट स्फटिक असतो. विजेचा दाब दिला की तो किंचित वाकतो आणि पिचकारीसारखा थेंब सोडतो. दाब आणि वीज यांचे हे नाते क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. थेंब किती लहान? काही पिकोलिटर. पाच पिकोलिटरचा थेंब धरला तर एका मिलिलिटर शाईत असे २० कोटी थेंब होतात.

या शाईत बहुतांश पाणीच असते. त्यात रंग, शाई चटकन वाळू नये म्हणून ग्लिसरीनसारखे ओल धरणारे पदार्थ आणि बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेले असते. आता एवढ्याशा छिद्राच्या तोंडाशी असलेली शाई मार्च-एप्रिलमधल्या पुण्याच्या कोरड्या दुपारी उघडी राहिली तर काय होईल? ज्या हवेत गच्चीवरचे पापड दोन उन्हांत कडकडीत होतात, त्या हवेपुढे त्या थेंबाचा पाड तो काय!

यंत्र बनवणाऱ्यांनी याची काळजी घेतलेली असते. काम संपले की हेड एका कोपऱ्यात जाऊन बसते. तिथे रबराची एक टोपी वर येऊन छिद्रांची तोंडे झाकते. शेजारी रबराची छोटी पट्टी असते, ती हेड पुसते. टोपीखाली एक पंप असतो, तो अधूनमधून छिद्रांतून शाई ओढून घेतो आणि अडकलेला कचरा काढतो. आपण 'क्लीनिंग'चे बटण दाबतो तेव्हा जे घरघरणे ऐकू येते ते याच पंपाचे. टोपी, पट्टी आणि पंप, हा या छापखान्याचा धुण्याचा विभाग.

शेजारच्या काकूंचा प्रिंटर

आमच्या इमारतीत एक काकू दिवाळीचा फराळ करून विकतात. डब्यांवर लावायच्या रंगीत चिठ्ठ्या त्या घरच्याच प्रिंटरवर काढतात. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली आणि प्रिंटरने निळा रंग सोडणे बंद केले. दुरुस्तीच्या एका दुकानात तो नेला तर काउंटरवरच्या मुलाने झाकण उघडण्याआधीच सांगितले, "हेड गेलंय काकू. नवीन हेडच्या पैशात आणखी थोडे घाला, नवा प्रिंटर येईल." काकूंचा पहिला नफा चकलीच्या भाजणीत आणि तुपात अडकलेला. त्या सहज बोलता बोलता म्हणाल्या, "भाऊ, फेकण्यापूर्वी एकदा तुम्ही बघता का?"

पाहिले. पहिला प्रश्न विचारला, की यंत्र बंद कसे करता? उत्तर तेच आले जे दहापैकी सात-आठ घरांत येते. भिंतीवरचे बटण! वीज वाचावी, लहान मुलांनी हात लावू नये, म्हणून बोर्डावरचे बटण बंद करायची आपल्याकडे चांगली सवय आहे. पण प्रिंटरच्या बाबतीत ती घातक ठरू शकते. यंत्राच्या अंगावरचे बटण दाबले की ते हेड कोपऱ्यात नेते, टोपी लावते आणि मगच झोपते. भिंतीवरचे बटण वेळी-अवेळी बंद केले तर हेड वाटेतच, उघड्या तोंडाने उभे राहण्याची भीती. काकूंच्या यंत्रात नेमके तेच झाले होते. शिवाय टोपीत शाई आणि धूळ मिळून साखरेच्या पाकासारखा थर साचला होता, त्यामुळे टोपी घट्ट बसत नव्हती आणि पंपाला ओढ लागत नव्हती. क्लीनिंगचे बटण त्यांनी एका दिवसात दहा-बारा वेळा दाबले होते. शाई संपत होती, पण अडथळा जिथल्या तिथे.

पहिल्या दिवशी टोपीत ऊर्ध्वपातित पाण्याचे चार थेंब टाकून तो थर भिजू दिला आणि कापसाच्या काडीने हलकेच टिपून घेतला. मग एकदा क्लीनिंग केले आणि यंत्र रीतसर बंद करून रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या पानावर निळ्या रेघांपैकी निम्म्या उमटल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन-तीन सोडून सगळ्या. संध्याकाळी एक मोठे निळे चित्र छापले आणि रंग भरून आला. खर्च झाला तो पाण्याच्या बाटलीचा आणि धीराचा. काकूंच्या डब्यांवर चिठ्ठ्या वेळेवर लागल्या आणि मला चकल्यांचा डबा मिळाला.

सगळ्या गोष्टींचा शेवट असा गोड होत नाही, हेही सांगितले पाहिजे. एका नातलगांच्या प्रिंटरमध्ये हेडचा विजेचा भागच जळाला होता. त्याला कितीही पाणी पाजले तरी उपयोग नव्हता. पण तो जळाला आहे हे भिजवून, तपासून झाल्यावर ठरले. झाकण उघडण्याआधी नव्हे.

घरी काय करावे

वाचकांपैकी अनेकांच्या घरी हे यंत्र असेल म्हणून क्रम सांगतो. सुरुवात तपासणीने करावी. प्रिंटरच्या सूचीत 'नोझल चेक' नावाचे एक पान असते. त्यावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेघा उमटतात. कुठली रेघ तुटली आहे हे कळले म्हणजे रोग कोणत्या रंगात आहे ते समजते. फोटोतले चेहरे हिरवट दिसले तर किरमिजी रंग अडला आहे असे बहुधा समजावे.

मग क्लीनिंग. एकदा करावे, तपासणीचे पान काढावे. गरज वाटली तर पुन्हा करावे. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही तर थांबावे आणि यंत्र बारा ते चोवीस तास तसेच ठेवावे. कित्येक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत हीच सूचना असते, पण पुस्तिका वाचतो कोण? थांबण्यात अर्थ आहे. मागची ताजी शाई वाळलेल्या शाईला हळूहळू भिजवते आणि नळीतले हवेचे बुडबुडे जिरतात. करपलेले पातेले आपण लगेच घासायला घेत नाही, पाणी घालून ठेवतो. तसेच हे.

तरीही अडले तर प्रिंटर कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. काही यंत्रांत शाईची डबी, म्हणजे कार्ट्रिज, आणि हेड एकत्रच असते. अशी डबी बाहेर काढता येते. धागे न सुटणारे फडके किंवा गुळगुळीत टिपकागद कोमट ऊर्ध्वपातित पाण्याने ओला करून तिचे छिद्रांचे तोंड त्यावर एक-दोन मिनिटे टेकवून ठेवावे. शाईचा डाग उतरला की उचलावे. घासू नये, तांब्याच्या रंगाच्या पट्ट्यांना बोट लावू नये. ज्या यंत्रांत हेड आतच बसवलेले असते, आजकालच्या पुष्कळशा टाकीवाल्या यंत्रांत ते तसेच असते, तिथे घरच्या माणसाने टोपी आणि पुसणारी पट्टी एवढ्यांचीच स्वच्छता करावी. हेड उघडून सिरिंजने जोराने पाणी मारण्याचे धाडस करू नये. जास्त दाबाने आतला नाजूक पडदा फाटतो आणि भिजलेल्या विजेच्या जोडणीवर प्रवाह सोडला तर हेड खरोखरच जाते.

पाणी कोणते? नळाचे नको, बोअरचे तर नकोच. त्यातले क्षार वाळून छिद्रांत बसतात, मग शाईचा अडथळा जाऊन चुन्याचा येतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे दुकानातले डिस्टिल्ड वॉटर, स्वस्त असते आणि कुठेही मिळते. पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढायचे द्रावण यांच्या वाटेला जाऊ नये. रबर आणि प्लॅस्टिक त्यांनी खराब होते. हात घालण्यापूर्वी यंत्र बंद करून, टोपी उघडी पडेल अशा बेताने हेड बाजूला आल्यावर वायर काढावी. खाली जुन्या वर्तमानपत्राच्या चार घड्या अंथराव्यात, हातमोजे घालावेत. फरशीवर सांडलेली शाई निघता निघत नाही आणि मग घरात जो संवाद होतो त्याला कुठलेच क्लीनिंग उपयोगी पडत नाही.

पण औषधापेक्षा पथ्य बरे. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी सकाळी, सगळे रंग असलेले अर्धे पान छापावे. नुसते काळे पान चालणार नाही, कारण तेव्हा रंगीत छिद्रे कोरडीच राहू शकतात. बंद करताना यंत्राचेच बटण वापरावे. छपाई चालू असताना वीज गेली तर ती आल्यावर यंत्र एकदा चालू करून नीट बंद करावे. टाकीतली शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नये, नळीत हवा शिरते. आणि शाई यंत्राला सांगितलेलीच घालावी. एका शाईत रंग विरघळलेला असतो, दुसरीत त्याचे बारीक कण तरंगत असतात. त्यांची मिसळ केली तर गाठी होण्याचा संभव असतो. बोरूच्या काळापासून चालत आलेली ही गोष्ट आहे.

धुतलेली शाई जाते कुठे?

आता त्या लपवलेल्या अर्ध्या कामाकडे येऊ. पंपाने ओढलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या जाड, स्पंजासारख्या गादीत जाते. लहान बाळाच्या लंगोटासारखे तिचे काम. क्लीनिंगचे बटण दाबले की आपण विकत घेतलेली शाई कागदावर न जाता या गादीत मुरते. फार दिवसांनी यंत्र चालू केले तर ते न सांगताही थोडीफार शाई अशी खर्च करते. 'आम्ही तर काही छापत नाही, मग शाई संपते कशी?' या प्रश्नाचे उत्तर या गादीत आहे.

गादीला मर्यादा असते. बहुतेक यंत्रे गादी किती भिजली हे प्रत्यक्ष पाहत नाहीत. किती वेळा धुतले याचा हिशेब ठेवतात आणि हिशेब भरला की पडद्यावर एक गूढ संदेश दाखवून काम थांबवतात. हेड चांगले, मोटार चांगली, शाई भरलेली, आणि तरीही यंत्र ठप्प! असे कितीतरी प्रिंटर केवळ एका ओल्या गादीपायी भंगारात जातात. गादी बदलता येते, हिशेब पुन्हा शून्यावर आणता येतो. जाणकार दुरुस्तीवाला हे काम करतो. मात्र गादी न बदलता नुसता हिशेब शून्यावर आणून देणाऱ्यापासून सावध राहावे, नाहीतर एक दिवस शाई टेबलावर वाहील. अलीकडच्या काही यंत्रांत ही गादी छोट्या डबीत ठेवलेली असते आणि ती घरच्या घरी बदलता येते. नवे यंत्र घेताना दुकानदाराला किमतीबरोबर हा प्रश्नही अवश्य विचारावा. तो गडबडला तर समजावे, की हा प्रश्न त्याला फारसा कोणी विचारत नाही.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्याला छापायचे तरी किती असते? महिन्याकाठी चार पाने, तीही काळी, एवढीच गरज असेल तर कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान सर्वांत स्वस्त. रोज काळीच पाने लागत असतील तर लेसर प्रिंटर बरा. त्यात ओली शाई नसते, कोरडी भुकटी असते, ती वाळण्याचा प्रश्नच नाही. रंगीत इंकजेट त्या घरात सुखाने नांदतो जिथे त्याला नेमाने काम असते. बैलाला बांधून ठेवले तर तो आडमुठा होतो म्हणतात, त्यातला हा प्रकार.

आणि यंत्र खरोखरच गेले तर? ते ओल्या कचऱ्यात किंवा नदीकाठी जाता कामा नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटर आणि त्यांची कार्ट्रिजे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघरचा असा कचरा वेगळा गोळा करण्याचे काम केले आहे. दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला मिळावा म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टलही सुरू केले. हे सगळे योग्यच आहे. पण हक्क वापरण्याआधी वस्तू ओळखावी लागते. काकूंना दुकानातल्या मुलाचे म्हणणे खरे वाटले ते त्यांच्याजवळ अक्कल नव्हती म्हणून नव्हे. झाकणाखाली काय आहे हे त्यांना कोणी दाखवलेच नव्हते, म्हणून.

खंडेनवमीला आपण घरातल्या यंत्रांची पूजा करतो. शिवणयंत्र, स्कूटर, संगणक, सगळ्यांना गंध-फूल मिळते. जुनी माणसे आदल्या दिवशी हत्यारे घासूनपुसून, तेलपाणी करून ठेवीत आणि मगच हळदकुंकू वाहत. त्या दिवशी प्रिंटरचेही झाकण उघडावे, मुलांना जवळ बोलवावे, ही टोपी, ही पट्टी, इथून शाई जाते, असे दाखवावे आणि एक रंगीत पान छापून घ्यावे. कुंकू मात्र बाहेरच्या बाजूलाच लावा. कागदाच्या खाचेत अक्षता पडल्या तर त्या काढायला पुन्हा सगळा खटाटोप!